स्लायडिंग खिडकीची जाळी फाटली आहे, घरी बदलता येते का?

विक्रोळीकरीण

नमस्कार मंडळी. आम्ही कन्नमवार नगरात सातव्या मजल्यावर राहतो. इमारत पुनर्विकासातली, त्यामुळे सगळीकडे बिल्डरने बसवून दिलेल्या तीन ट्रॅकच्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आहेत. दोन काचेची शटरं आणि एक जाळीचं. हॉल आणि बेडरूमच्या खिडक्या खाडीकडे उघडतात, स्वयंपाकघराची हायवेकडे.

आता जाळ्यांची अवस्था सांगते. हॉलच्या खिडकीत खालच्या कोपऱ्यात जाळी रबरातून निसटून लोंबतेय, तिथून माझा हात आरपार जातो. बेडरूमच्या जाळीला मधोमध बोटभर भोक पडलंय. स्वयंपाकघरातली फाटलेली नाही, पण फोडणीच्या तेलाने आणि हायवेच्या धुळीने अशी बुजलीय की वाऱ्याची झुळूकही आत येत नाही.

गेल्या वर्षी पाऊस संपता संपता सासूबाईंना डेंग्यू झाला, आता त्या बऱ्या आहेत. रोज रक्त तपासायचं आणि प्लेटलेटचा आकडा काय येतो याची वाट बघत बसायचं, ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. यंदा पावसाच्या आधी खिडक्यांचं काम करूनच घ्यायचं असं मी ठरवलंय.

एक फॅब्रिकेटर येऊन बघून गेला. म्हणाला, "नुसती जाळी बदलत नाहीत मॅडम, तिन्ही शटरं नवीन करावी लागतील." दुसऱ्याला फोन केला तर एवढ्याशा कामाला यायला तयार नाही. मुलगा आठवीत आहे, त्याला अशा कामांची आवड आहे. आम्ही दोघांनी मिळून जाळी बदलली तर जमेल का? कुठली जाळी घ्यावी? दुकानात नायलॉन, फायबर, स्टील अशी तीन-चार नावं ऐकली आणि मी रिकाम्या हाताने परत आले. शटर काढताना ते सात मजले खाली तर जाणार नाही ना, ही भीती वेगळीच.

अंधेरीचा भाडेकरू

ताई, माझं घर भाड्याचं, खिडक्या जुन्या लाकडी, बाहेर उघडणाऱ्या. मालक भिंतीला एक खिळा मारू देत नाही. मी वेल्क्रोची जाळी लावली आहे. चौकटीला चिकटपट्टीचा वेल्क्रो लावायचा आणि जाळीच्या कडेला त्याचा जोडीदार शिवून घ्यायचा. शिवायचं काम आमच्या नाक्यावरच्या टेलरने करून दिलं. धुवायची झाली की ओढून काढायची, परत दाबून लावायची.

एक गोष्ट मात्र पाळा. वेल्क्रो भिंतीच्या रंगावर लावू नका, रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतो. लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या चौकटीवरच लावा, आणि त्याआधी चौकट साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्या. तेलकट किंवा ओल्या चौकटीवर लावलेला वेल्क्रो पहिल्या जोराच्या पावसात सुटतो. तुमच्याकडे शटर असताना हे करायची गरज नाही, पण बाथरूमच्या खिडकीला वगैरे उपयोगी पडेल.

फिटरकाका

ताई, शटरं बदलू नका. तुमच्या वर्णनावरून एकही शटर खराब वाटत नाही, जाळी आणि रबर संपलंय. शटर म्हणजे ॲल्युमिनियमची चौकट. तिला काही होत नाही, तिच्या आत बसणारं सामान बदलायचं असतं. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होतो. निवृत्त झाल्यापासून आमच्या इमारतीतल्या आणि नातेवाइकांच्या खिडक्यांचं काम मीच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या मुलालाही वाचून दाखवा.

आधी शटर काढण्याचं, कारण भीती तिथेच आहे आणि ती रास्त आहे. स्लायडिंगचं शटर वर उचललं की त्याचा माथा वरच्या ट्रॅकमध्ये आणखी आत जातो, आणि खालची कड ट्रॅकच्या रुळावरून सुटते. मग खालची कड आपल्याकडे, खोलीच्या आत ओढायची आणि शटर तिरकं करून खाली घ्यायचं. बाहेरच्या दिशेला कधीही ढकलायचं नाही. वरच्या ट्रॅकमध्ये प्लास्टिकचा किंवा ॲल्युमिनियमचा एखादा छोटा ठोकळा स्क्रूने बसवलेला असेल तर आधी तो काढा, तो शटर उचलू नये म्हणूनच असतो. शटरच्या उभ्या पट्टीच्या खालच्या टोकाला भोक आणि आत स्क्रू दिसला तर तो रोलर वर-खाली करायचा स्क्रू. तो फिरवून चाक आत घेतलं की शटर सहज उचललं जातं. दोघांनी मिळून काढा. बाहेर ग्रिल नसेल तर शटरच्या पट्टीला मजबूत नाडी बांधा आणि तिचं दुसरं टोक आत पलंगाच्या पायाला बांधून ठेवा. खाली माणसं चालत असतात, इथे आळस नको. वारा असेल त्या दिवशी हात लावू नका. जाळीचं शटर सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असेल तर आधी आतली काचेची शटरं काढावी लागतील. ती जड असतात, तेव्हा घरातलं तिसरं माणूस हाताशी ठेवा.

शटर खाली आलं की टाइल्सवर जुनी चादर पसरून आडवं ठेवा. आता टेप घ्या आणि दोन तिरकी मापं मोजा, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, आणि मग उलट. दोन्ही सारखी आली तर चौकट गुण्यात आहे, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात आहेत. दोन-तीन मिलिमीटर इकडे-तिकडे चालतं. जास्त फरक असेल तर कोपऱ्यांचे स्क्रू सैल करा, चौकट हाताने दाबून मापं जुळवा आणि स्क्रू परत आवळा. हे न करता जाळी बसवली तर शटर बंद केल्यावर वर जुळतं आणि खाली फट राहते. मग जाळी नवी असून डास आत.

आता रबर. चौकटीच्या चारही बाजूंना एक खाच असते, जाळी त्या खाचेत दाबून तिच्यावर रबराची दोरी बसवलेली असते. कोपऱ्यातून पातळ स्क्रू ड्रायव्हरने तिचं टोक उचला, पूर्ण दोरी हाताने ओढून निघते. ती दोरी बोटांत वाकवून बघा. बाहेरच्या अंगाला बारीक भेगा दिसल्या, किंवा ती वाकवलेली तशीच राहिली, तर ती वाळून गेलीय आणि जाळीवरची तिची पकड सुटलीय. तुमच्या हॉलच्या जाळीचं नेमकं हेच झालं असणार. जुनं रबर परत वापरायचं नाही. पण फेकूही नका, त्याचा बोटभर तुकडा आणि जुन्या जाळीचा तुकडा दुकानात घेऊन जा. पाच मिलिमीटरचं रबर आणि सहाचं रबर डोळ्यांनी ओळखता येत नाही. जाड रबर खाचेत शिरत नाही, आणि बारीक रबर आज बसतं पण पहिल्या धक्क्याला निसटतं. नवी जाळी जुनीपेक्षा जाड असेल तर रबर थोडं बारीक लागतं, म्हणून दोन्ही एकाच दुकानातून घ्या आणि दुकानदाराकडे ॲल्युमिनियम सेक्शनचा, म्हणजे चौकट बनते त्या पट्टीचा, तुकडा असेल तर त्यात बसवून बघायला सांगा.

विक्रोळी स्टेशनच्या आसपास ॲल्युमिनियम सेक्शनचं सामान ठेवणारं दुकान मिळेलच. जास्त प्रकार हाताळून बघायचे असतील तर मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला जा, तिथे जाळीचे गठ्ठेच्या गठ्ठे बघायला मिळतात. रविवारी जाऊ नका, बाजार बंद असतो.

जाळी कुठली? खाडीच्या बाजूच्या घराला माझी पसंती फायबरग्लासला. काचेचा धागा, त्यावर पीव्हीसीचा थर. गंजत नाही, दुमडली तरी कायमची घडी सहसा पडत नाही, आणि घरच्या कात्रीने कापता येते. साधी पांढरी नायलॉनची जाळी स्वस्त असते, पण उन्हाने कडक होते आणि मग बोट लावलं की फाटते. जस्ताचा थर दिलेली लोखंडी जाळी खाडीच्या खाऱ्या हवेत घेऊच नका. दुकानात "18 बाय 16" मागा. म्हणजे एका इंचात एका दिशेला 18 भोकं आणि दुसऱ्या दिशेला 16. अशा जाळीचं एक भोक साधारण सव्वा मिलिमीटरच्या आसपास बसतं, त्यातून डास जात नाही. दुकानदारावर भरवसा असला तरी खिशातली छोटी पट्टी जाळीवर धरून इंचातली भोकं तिथेच मोजा. रंग काळा किंवा करडा घ्या, पांढऱ्या जाळीतून बाहेरचं नीट दिसत नाही.

जाळी चौकटीपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठी कापा. खाच वर येईल अशी चौकट ठेवून त्यावर जाळी पसरा आणि तिचे धागे चौकटीच्या कडेला समांतर आहेत का हे वाकून बघा. इथेच पुढचं सगळं ठरतं, धागा तिरका गेला तर शेवटपर्यंत तिरकाच जातो. रबर बसवायला एक छोटं हत्यार मिळतं, लाकडी मूठ आणि दोन टोकांना दोन चाकं. एका चाकाची धार गोल असते, दुसऱ्याला मधे खाच असते. फायबरच्या जाळीला खाचवालं चाक पुरतं, त्याने रबर दाबत न्यायचं. गोल धारेचं चाक धातूच्या जाळीसाठी, तिला आधी खाचेत मोड द्यावा लागतो. रबर थोडा वेळ उन्हात ठेवलं तर नरम येतं आणि हाताला त्रास कमी.

आधी एक लांब बाजू पूर्ण बसवा, मग तिला लागून असलेली आखूड बाजू, मग समोरची लांब, शेवटी उरलेली आखूड. जाळी ताणू नका. हे ठळक अक्षरात लिहिलंय असं समजा. सगळे हौशी लोक इथे जोर लावतात, कारण ढिली जाळी वाईट दिसते. पण ॲल्युमिनियमची लांब पट्टी ताणाने मधे आत झुकते. शटर लावलं की मधे पोट आत गेलेलं दिसतं आणि दोन्ही बाजूंना फट. जाळी नुसती हाताने सपाट धरायची. रबर खाचेत जाताना ती स्वतःच घट्ट होत जाते. शटर मोठं असेल तर लांब पट्ट्यांच्या आतल्या अंगाला मधोमध लाकडाची एक पट्टी अडकवून ठेवा, म्हणजे चौकट झुकायला जागाच नाही. रबरही ओढून बसवू नका. ओढलेलं रबर काही दिवसांनी आखडतं आणि कोपरा उघडा पडतो.

कोपऱ्यात जाळी दुहेरी होते, तिथे रबर शिरत नाही. बाहेरची जादा जाळी कोपऱ्याच्या रोखाने तिरकी कापा, पण काप खाचेच्या अलीकडेच थांबवा. मग रबर बोथट स्क्रू ड्रायव्हरने हळूहळू आत दाबा, चाकाने नाही. चारही बाजू झाल्या की कटरला नवं पातं लावा. जुनं पातं धागे ओढतं. पातं रबराच्या बाहेरच्या बाजूला, खाचेच्या भिंतीला टेकवून, टोक बाहेर झुकवून एका दमात ओढा. हे काम तुम्ही करा, मुलाला देऊ नका.

बेडरूमच्या बोटभर भोकासाठी अख्खी जाळी काढायची गरज नाही. हॉलच्या जाळीतून उरलेला तुकडा भोकापेक्षा सगळीकडून बोटभर मोठा कापा, धाग्याला धागा जुळवून ठेवा आणि काळ्या नायलॉनच्या दोऱ्याने कडेने टाके घाला. एक माणूस आतून, एक बाहेरून सुई परत देतो, म्हणून शटर काढूनच. चिकटवायच्या तयार पट्ट्याही मिळतात, पण उन्हाच्या खिडकीला त्या टिकलेल्या मी पाहिल्या नाहीत. धागे नुसते सरकून भोक मोठं झालं असेल, तुटले नसतील, तर सुईच्या टोकाने एकेक धागा जागेवर आणा.

स्वयंपाकघरातली जाळी बदलू नका, धुवा. शटर बाथरूममध्ये उभं करा, कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून दोन्ही बाजूंना लावा, थोडा वेळ मुरू द्या, मग मऊ ब्रशने वरून खाली. थिनर किंवा रॉकेल लावू नका, पीव्हीसीचा थर मऊ पडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जाळी धड असूनही डास येतात त्याचं कारण बहुतेक वेळा कडा असतात. शटरच्या उभ्या पट्टीत लोकरीसारख्या केसांची ब्रशची पट्टी सरकवलेली असते. तिचे केस झिजून चपटे झाले की फट उरते. ती मीटरवर मिळते, जुनी ओढून नवी सरकवायची, शटर खाली आहे तोवर हेही करून घ्या. दुसरं, काचेचं शटर अर्धवट उघडं ठेवायचं नाही. तीन ट्रॅकच्या खिडकीत काच पूर्ण सरकवली तरच तिची उभी पट्टी जाळीच्या पट्टीवर येते आणि मधली जागा बंद होते. काच अर्ध्यावर थांबवली की काच आणि जाळी यांच्यामधून सरळ वाट तयार होते. एकदा संध्याकाळी काच अर्धी उघडा आणि त्या दोन पट्ट्यांच्या मधे बोट घालून बघा, बोट आरामात जाईल. तिसरं, खालच्या ट्रॅकला पाणी बाहेर जायची भोकं असतात. त्यात माती बसली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये तुंबतं आणि हॉलमध्ये येतं. काडीने मोकळी करा, पण सिलिकॉनने बुजवू नका.

वर्सोव्याचा

काकांनी सगळं सांगितलंय, मी स्टीलबद्दल लिहितो कारण दुकानदार हमखास तेच गळ्यात मारतात. आमची खिडकी समुद्राकडे आहे. "कधीच गंजणार नाही" म्हणून 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची जाळी लावून दिली गेली आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यावर तपकिरी डाग आले. जाळी कुजलेली नाही, अजून मजबूत आहे, पण डाग धुतले तरी परत येतात. खाऱ्या हवेतला क्लोराइड 304 ला पुरतो. 316 या ग्रेडमध्ये दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून ती समुद्राजवळ जास्त टिकते, पण महाग. चुंबक लावून ओळखायच्या फंदात पडू नका. 304 ची तारही ओढून बारीक करताना थोडी चुंबकाला लागते, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही. दुकानदाराकडून बिलावर ग्रेड लिहून घ्या.

स्टीलचा खरा फायदा उंदरांसाठी. तळमजला, पहिला मजला, नाहीतर पाइपावरून उंदीर चढत असतील तर फायबर कुरतडतात. सातव्या मजल्यावर पाइप खिडकीला लागून नसेल तर मीही फायबरच घेतली असती.

मनीची आई, मुलुंड

घरात मांजर आहे का ताई? असेल तर साधी फायबर तिच्या नखांपुढे टिकणार नाही. प्राण्यांसाठी जाड पॉलिएस्टर धाग्याची जाळी वेगळी मिळते. ती जाड असल्यामुळे वारा आणि उजेड थोडा कमी येतो, आणि काका म्हणाले तसं रबर बारीक घ्यावं लागतं.

आणखी एक मनापासून सांगते. लहान मूल, मांजर, कुणीही जाळीला टेकलं तर जाळी थांबवत नाही. रबरासकट बाहेर जाते. आमच्या शेजारच्या इमारतीत मांजर तशीच पडली. जाळी डासांसाठी आहे, पडण्यापासून अडवायला ग्रिलच हवं.

निवृत्त जीवशास्त्रवाल्या बाई

सासूबाई बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. तुमच्या घरात डेंग्यू होऊन गेलाय म्हणून मुद्दाम लिहिते.

आपल्याकडे लोक तिन्हीसांजेला खिडक्या लावतात आणि सकाळी सगळ्या उघडतात. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनॉफिलिससाठी आणि गटारातल्या क्युलेक्ससाठी ते बरोबर आहे, त्या रात्री चावतात. डेंग्यूची एडिस इजिप्ती मात्र दिवसा चावते, उजाडल्यानंतरचे दोन-तीन तास आणि सूर्यास्ताच्या आधीचे काही तास तिचा जोर जास्त. तेव्हा सकाळी चहाच्या वेळी "हवा येऊ दे" म्हणून जाळी सरकवून ठेवायची आपली सवय नेमकी तिच्या सोयीची. जाळीचं शटर दिवसाही लागलेलंच हवं. सासूबाई दुपारी झोपत असतील तर त्या खोलीत विशेषकरून. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराने झालेला डेंग्यू दुसऱ्यापासून कायमचं संरक्षण देत नाही आणि दुसऱ्यांदा झालेला जास्त गंभीर होऊ शकतो. घाबरवायचं नाही, पण त्यांच्या खोलीची खिडकी आधी करा.

खिडकीला जाळी लावून मलेरिया टाळता येतो हे 1900 साली प्रत्यक्ष राहून दाखवलं गेलं. रोमजवळ ओस्तियाच्या दलदलीत लो आणि साम्बोन हे दोन डॉक्टर मलेरियाचा अख्खा हंगाम जाळीबंद झोपडीत राहिले. क्विनाइन हे मलेरियाचं औषध घेतलं नाही. दिवसा सगळीकडे फिरायचे, फक्त सूर्य मावळायच्या आत झोपडीत शिरून दार लावायचे. त्यांना मलेरिया झाला नाही. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत होते. आपल्याला त्यातून घ्यायचं ते वेळेचं. डास कधी चावतो ते ओळखून जाळी बंद हवी, आणि डेंग्यूची वेळ त्यांच्या वेळेच्या उलट आहे.

आणि जाळीच्या आतल्या बाजूलाही बघा. एडिस घरातल्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालते. कुंडीखालची ताटली, मनी प्लांटची बाटली, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, वापरात नसलेल्या बाथरूममधली बादली. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक वार ठरवून सगळं ओतून कोरडं करा. ताटली नुसती ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. नाहीतर नव्या जाळीने डास आतच कोंडले जातील. पालिकेचे कीटकनाशक विभागाचे लोक तपासायला आले तर त्यांना दारातून परत पाठवू नका, गच्चीवरच्या टाक्यांची झाकणंही त्यांना दाखवा.

विक्रोळीकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं वाचून सासूबाईंच्या खोलीपासून, म्हणजे बेडरूमपासून सुरुवात केली. फ्रिजच्या मागचा ट्रे आयुष्यात पहिल्यांदा ओढून बघितला, त्यात पाणी होतं. अळ्या नव्हत्या, पण आता तो मंगळवारच्या यादीत गेला.

बेडरूमचं भोक मुलाने आणि मी शिवलं. तो बाहेरून सुई देत होता आणि टाके मोजत होता. लांबून भोक कुठे होतं ते दिसत नाही. स्वयंपाकघराची जाळी धुतल्यावर पाणी काळं निघालं, आता ओट्याशी उभं राहिलं की वारा लागतो.

हॉलच्या शटरला नवी फायबरग्लास घातली, 18 बाय 16, दुकानात पट्टी लावून मोजून घेतली. तिरकी मापं जुळत होती. रबर बसलं, पण शेवटच्या आखूड बाजूला जाळीला एक लाट आलीय, हात फिरवला की जाणवते. सगळं परत काढावं लागेल का? आणि शटर लावल्यावर ते घासत चालतंय, आधी असं नव्हतं. तिसरं, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी, यांचं काय करायचं?

फिटरकाका

वा, ताई, पोराला शाबासकी द्या माझ्याकडून.

लाट एकाच बाजूला आहे ना, मग फक्त त्या आखूड बाजूचं रबर काढा, बाकी तिन्हीला हात लावू नका. रबर दाबताना चाक एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरळ गेलं की जाळी चाकापुढे सरकत जाते आणि शेवटी लाट जमते. या वेळी मधोमध सुरुवात करा. मधला हातभर भाग दाबा, मग मधून डावीकडे, मग मधून उजवीकडे, आणि दुसऱ्या हाताने जाळी बाहेरच्या बाजूला नुसती सपाट धरा. बाहेरची जादा जाळी कापून टाकली असेल तर पकडायला काही उरत नाही. तेव्हा कडेचे धागे चिमट्याने धरा. कडेला पाव इंचही नसेल तर लाट राहू द्या, त्यातून डास येत नाही.

शटर घासतंय ते रोलरमुळे. काढताना तुम्ही स्क्रू फिरवून चाक आत घेतलं असेल, ते परत बाहेर काढायचं. दोन्ही टोकांचे स्क्रू थोडे थोडे फिरवा, एक टोक पूर्ण आणि दुसरं तसंच असं नको, नाहीतर शटर तिरकं उभं राहतं. शटर बंद करून चौकटीशी वर-खाली सारखी जागा दिसली की बस. स्क्रूला हात लावला नसेल तर ट्रॅकमधली माती जुन्या टूथब्रशने काढा आणि चाकांवर गुंडाळलेले केस कात्रीने कापा. ट्रॅकला तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याला धूळ चिकटून लगदा होतो. सिलिकॉनचा कोरडा स्प्रे चालतो. चाकच एका बाजूने झिजून सपाट झालं असेल तर ते बदलायचं. जुनं काढून दुकानात घेऊन जा, रोलरची मापं सेक्शनप्रमाणे वेगळी असतात.

एक्झॉस्टला बारीक जाळी घरातल्या बाजूने लावू नका. तेलाने दोन आठवड्यांत बुजते, पंखा हवा ओढू शकत नाही आणि मोटर तापते. बाहेरच्या बाजूला पट्ट्यांची झडप मिळते, पंखा लावला की उघडते, बंद केला की पडते. सातव्या मजल्यावर बाहेरून बसवायची असल्याने ती मात्र कामगाराकडून बसवून घ्या, स्वतः वाकू नका. बाथरूमच्या खिडकीला अंधेरीच्या भाऊंनी सांगितलेली वेल्क्रोची जाळी आतून लावा. काचेच्या पट्ट्या फिरवायचा दांडा आत असेल तर जाळी त्याच्यापुढे तीन-चार बोटं यावी लागेल. त्यासाठी चौकटीवर आधी ॲल्युमिनियमची एल पट्टी स्क्रूने लावा आणि वेल्क्रो तिच्यावर.